आबाजींच्या खिडकीतलं शेवाळ

मित्रांनो, आज माझाच मले राग येऊन राहिला.

आमच्या अकोल्यातल्या कॉलनीत, शेजारच्या आबाजींच्या खिडकीला लागून कडुलिंब आहे. त्यांच्या कूलरचं पाणी बुंध्यावर ठिबकायचं, म्हणून भर मे महिन्यातही तिथं हिरवंगार शेवाळ असायचं. पण खाली चिखल व्हायचा, आणि माझी गाडी तिथंच लागते. मागच्या महिन्यात मी त्यांच्या सुनेला, म्हणजे वहिनींना, फाडफाड बोललो. त्यांनी कूलरचा पाइप नालीत सोडला.

आज आबाजींना भेटायला गेलो. लकवा झाल्यापासून ते खाटेवरच असतात. मला पाहताच म्हणाले, "काहून रे, लिंब वाळला काय?"

"नाही आबाजी, वर हिरवागार हाये."

"मले वरचं कुठी दिसते, बाप्पा?"

उशाशी बसून पाहिलं. खिडकीतून फक्त बुंधा दिसतो. शेवाळ करपून काळं पडलेलं.

पाइप लगेच परत वळवला. संध्याकाळ झाली, शेवाळाला अजून रंग आलेला नाही.

निघताना वहिनी हळूच म्हणाल्या, "महिन्यापासून रोज हेच इचारतात. पण तुमाले कसं सांगाव, भाऊ?"

खरं सांगा, मी बोलायला इतका वाईट आहे का?