वानेसचं वाकडं डोकं

योर्नचं तोंड बघितलं तरी हिल्डे फान अकरच्या मस्तकात तिडीक जायची. बावीस वर्षं तिने कवळ्या घडवल्या होत्या, गरम मेणात बोटं पोळून घेतली होती. आता मेखेलन शहरातल्या या ऑफिसात ती स्कॅनवरून कवटीत बसवायचे कृत्रिम तुकडे आखायची. आणि तिचा साहेब कोण, तर हा योर्न! त्याने आयुष्यात एकच डोकं हाताळलं होतं, स्वतःचं, तेही जेल लावायला.

त्या दिवशी वानेसचं काम आलं. बाजारात मासे विकणारा गडी, सायकलवरून दगडी रस्त्यावर आपटला. डोक्याच्या मागच्या उजव्या बाजूचं हाड काढून टाकावं लागलं होतं. चार महिने लोकरी टोपी घालून घरात बसला होता, गाळ्याकडे फिरकत नव्हता. योर्नने स्क्रीनवर डावी बाजू आरशासारखी उलटवून उजवीकडे बसवली. पाच मिनिटांत काम फत्ते!

"कडेला, उरलेल्या हाडाशी जुळताना पायरी पडत होती, ती बुजवलीस ना?" हिल्डेने विचारलं.

"सॉफ्टवेअरने बुजवली. चार वाजता सर्जन सही करतील. उगाच फाटे फोडू नका."

"अरे दीडशहाण्या, पायरी पडली म्हणजे दोन बाजू सारख्या नाहीत!"

तिने वानेसच्या आईलाच फोन लावला. "डावीकडून चपटाच आहे तो," म्हातारी म्हणाली. "पाळण्यात सदा त्याच कुशीवर पडून असायचा."

हिल्डेने जुने फोटो मागवले, उरलेल्या हाडाचा बाक धरून उजवी बाजू फुगीर केली.

"मुद्दाम वाकडं डोकं करणार?" योर्न हसला. "आपण दुरुस्त करतो, बाई."

"तुझी अक्कल कर आधी."

तिने आपला आराखडा थेट सर्जनला पाठवला. त्यांनी त्यावरच सही केली. योर्न आठवडाभर तोंड फुगवून बसला.

ऑपरेशननंतर दीड महिन्याने म्हातारीचा फोन आला. योर्नने स्पीकर लावला.

"डोकं वाकडंच आहे हो..." तिचा आवाज कापत होता.

"ते आमच्या हिल्डेचं काम!" योर्न घाईघाईने म्हणाला. "मी सरळच केलं होतं. लेखी आहे माझ्याकडे."

"मग तिलाच द्या फोन."

हिल्डे फोनजवळ सरकली. "बोला," ती कशीबशी म्हणाली.

"होतं तस्संच वाकडं आलंय गं! आज टोपी घरी टाकून गाळ्यावर उभा राहिलाय माझा वानेस."

हिल्डेने डोळे पुसले आणि योर्नकडे वळून म्हणाली, "हेही लेखी ठेव हं."