दिगूचा आकडा

ही गोष्ट मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेली नाही. नवऱ्याच्या नाही, आईच्या तर नाहीच – आणि ज्याच्या कानावर घालायला हवी होती, त्याच्याही नाही. आता तुम्हाला सांगतेय, तर आधीच बजावून ठेवते. मला सल्ला नको. ‘तुमची परिस्थितीच तशी होती’ हे तर मुळीच नको. परिस्थिती सगळ्यांनाच असते.

मी रक्त तपासणारी बाई. गारखेड्यात माझी छोटी लॅब आहे, पुढे बसायला बाकडं आणि मागे मशिनं. सुईला माझा हात चांगला आहे. ज्यांची शीर सापडत नाही, असे लोक लांबून माझ्याकडे येतात. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही – लोकांचा माझ्यावर विश्वास आहे, एवढं तुम्हाला कळावं म्हणून सांगतेय. पुढे ते लागणार आहे.

दिगू माझा धाकटा भाऊ. वाळूजला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. म्हणजे दिवसभर मशिनवरून उतरलेले भाग मोजायचे, मापात असला तर पुढे, नसला तर लाल पेटीत. हे काम त्याच्या अंगात इतकं मुरलंय की आई म्हणाली, आज भाजीत मीठ जास्त झालं, तर हा विचारणार – किती जास्त?

तर या दिगूला स्किझोफ्रेनिया झाला. बघा, शब्द लिहितानाही हात अडखळला. घरी आम्ही नुसतं ‘दिगूचं ते’ म्हणतो. त्याला भिंतीतून आवाज यायचे. आईनं चहात काहीतरी कालवलंय असं वाटायचं – स्वतःची आई! – आणि ती बिचारी आधी स्वतः घोट घेऊन मग कप त्याच्या पुढे करायची. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दिगू माणसात आला. आणि माणसात आला की म्हणायचा, मला काय झालंय? गोळ्या बंद. पुन्हा आवाज. एकदा तर पार अजिंठ्याजवळ, फर्दापूरच्या पुढे रस्त्यानं अनवाणी चालताना सापडला. तळपायांची सालटी निघाली होती. ती मी धुतली आहेत, माझ्या या हातांनी.

त्यातून बरा झाल्यावर तो माझ्या लॅबमध्ये येऊन बसला. म्हणाला, “अक्का, डॉक्टर नुसतं बोलून सांगतेत. मोजलं कुठं कुणी? तू शुगर मोजतीस, थायरॉइड मोजतीस. हे बी मोजून दाखव. दिसलं तर मरस्तवर गोळी खातो, बघ.”

आता खरं काय ते तुम्हाला सरळ सांगते. या आजाराची रक्तातली खूण अजून कुणाला पक्की सापडलेली नाही. शोधणारे शोधताहेत. कुणी रक्तातली सूज बघतं, कुणी प्रथिनं, कुणी आणखी काही. पण नळीभर रक्त घेऊन ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगणारी तपासणी आज कुठल्याच लॅबमध्ये होत नाही. डॉक्टर माणसाशी बोलून, घरच्यांना विचारून, काही महिने बघून निदान करतात. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. चांगलं माहीत होतं.

आणि मी म्हणाले, होतं की. दंड पुढे कर.

मी त्याची सीआरपी केली. अंगात कुठे सूज असली, जंतू असले की हा आकडा वाढतो – बस, एवढंच. आला तर मोठा आला! मी त्याला मशिनवरच दाखवला. हे बघ, किती असायला हवा आणि किती आहे. दिगू त्या आकड्याकडे बघत राहिला, माप चुकलेल्या भागाकडे बघावं तसा. आणि त्याच संध्याकाळपासून गोळ्या सुरू.

आकडा का वाढला होता, सांगू? त्याची दाढ किडली होती, खाली पू झाला होता. पुढच्या आठवड्यात त्याने ती काढून घेतली. नंतर पुन्हा रक्त तपासलं, तर आकडा खाली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. दिगू म्हणाला, “गोळीनं उतरला व्हय?” मी म्हणाले, मग कशानं?

तेव्हापासून तो दर काही महिन्यांनी आकडा बघायला येतो. एकदा सर्दी-तापात आकडा चढला, तर मी डोळे वटारून विचारलं, गोळी चुकवलीस ना? आणि त्याने खरंच चुकवली होती, कबूल झाला! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. फसवणारीला आपली फसवणूक लागू पडली की होतो, तो आनंद. तेव्हापासून तो एकदाही दवाखान्यात भरती झालेला नाही. नोकरी टिकली. आई चहा सरळ त्याच्या हातात देते.

म्हणाल, मग यात गुन्हा कसला? नाहीच! तो खोटेपणा मी उद्या पुन्हा करीन. ज्यांनी रात्ररात्र दाराला कुलूप लावून भाऊ सांभाळला नाही, त्यांनी उंटावरून शेळ्या हाकू नयेत. त्याबद्दल मी कुणापुढे मान खाली घालणार नाही.

मान खाली जाते ती दुसऱ्या गोष्टीने.

रोहिणी त्याच्याच कारखान्यात स्टोअरला होती. दोघांचं जुळलं. दिगूनं तिला सगळं सांगितलं होतं – आवाज, गोळ्या, फर्दापूर, सगळं. ती डगमगली नाही. मग एके दिवशी त्यानेच नकार दिला. का? तर रक्तात आहे. आकडा आहे. अक्कानं मोजलाय. पोराबाळांत उतरणार.

रोहिणी माझ्याकडे आली. दुपारी, लॅबमध्ये कुणी नसताना. बाकड्याच्या कडेला बसली आणि म्हणाली, “ताई, मला त्या आजाराचं काय नाय वाटत. पण ते आकड्यावरच अडून बसलेत. तुमचं ऐकतेत ते. तुम्ही सांगा ना, आकड्यावर एवढं नसतं म्हणून.”

एक वाक्य. एवढंच हवं होतं तिला. घराण्यात थोडाफार धोका असतो, हे खरं, आणि तो डॉक्टर दोघांना बसवून समजावून सांगतात. पण धोका वेगळा आणि मी गळ्यात बांधलेला तो आकडा वेगळा. मी तिला म्हणू शकत होते, चल, दिगूच्या डॉक्टरांकडे जाऊ. म्हणू शकत होते ना?

मी म्हणाले, त्याचा निर्णय आहे, मी काय बोलणार.

तो गोळ्या सोडील, ही भीती होती – खोटं नाही सांगत. पण ती एकटीच नव्हती. डॉक्टरांकडे गेलो असतो, तर डॉक्टर विचारणार होते, कसला आकडा? आणि रोहिणी माझ्याकडे बघणार होती. दिगू बघणार होता. शहराच्या कानाकोपऱ्यातून लोक जिच्याकडे दंड पुढे करतात, ती बाई सख्ख्या भावाला खोटा रिपोर्ट देते, हे दोघांना कळणार होतं. मी माझं नाव वाचवलं. भावाचा संसार एका बाजूला, माझं नाव एका बाजूला, आणि मी नाव उचललं. मी भित्री निघाले. रोहिणी उठली, “बरं, ताई” म्हणाली आणि गेली. तिचं लग्न झालंय आता. चांगलं घर मिळालं म्हणतात.

इथवर थांबलं असतं, तरी मी कदाचित हे लिहिलं नसतं.

मागच्या महिन्यात दिगू माझ्या मुलीला घेऊन लॅबमध्ये आला. ईश्वरी यंदा बारावीला आहे. परीक्षेच्या धास्तीनं तिला झोप लागत नव्हती, एवढंच. पण मामाच्या जिवाला घोर लागला. “अक्का, हिचा बी आकडा बघ,” म्हणाला. ईश्वरीनं बाही वर केली आणि हसत माझ्याकडे पाहिलं. मी रक्त काढलं. नळी घेऊन आत गेले.

आणि मी ती मशिनला लावलीच नाही.

ज्या आकड्याला काडीचा अर्थ नाही, तो मीच जन्माला घातलेला – त्याची मला भीती वाटली! मोठा आला तर? मी नळी टाकून दिली, बाहेर आले आणि म्हणाले, काही नाही, अगदी नॉर्मल.

दिगू बाकड्यावर मटकन बसला आणि रडला. मग तोंड पुसून गुलमंडीला गेला आणि गरम इमरती घेऊन आला. बाकड्यावरच्या पेशंटांना दिली, ईश्वरीला भरवली. शेवटी माझ्यापुढे पुडा धरून म्हणाला, “सुटली पोरगी. मी लग्न नाय केलं ते लई बरं केलं बघ, अक्का. आपल्या घरातलं हे माझ्यापाशीच थांबलं.”

मी पुड्यातली इमरती उचलली, आणि हो म्हणाले.