दोघांचा एकच दलाल

गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षी आम्हा मायलेकींना डिचोलीत छप्पर मिळत नव्हतं. घरमालकाला आमची खोली खाणीच्या ट्रकवाल्यांना द्यायची होती. चवथीच्या गणपतीआधी सोडा, म्हणाला. दोन बायका, त्यात एक धापेची, म्हटल्यावर भाड्याने कोणी ठेवून घेईना. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, शाळेत शिकवणारी. नोकरीवर कर्ज मंजूर झालं, तेव्हा घर विकतच घ्यायचं ठरवलं.

एक मिळालं. चिऱ्यांचं, मागे विहीर. दलाल त्या घराच्या मालकाचा होता आणि आमचाही व्हायला तयार होता.

मामा इब्रामपूरहून मुद्दाम आला. "आपला माणूस वेगळा लाव गो. हा त्याचाही आणि तुझाही? मग घासाघीस करणार कोणाशी, आरशाशी?"

दलाल हसला. "दुसरो माणूस हाडलो तर म्हयनो जाता, बाय. तोवर वास्कोचं गिऱ्हाईक येऊन बसेल."

माझ्याकडे महिनाच नव्हता. मामाला म्हटलं, राहू दे.

"तू शिकलेली. मी काय सांगणार!" म्हणून तो बस पकडायला गेला.

दुसऱ्यांदा घर बघायला गेले तेव्हा पुरुष बाहेर बोलत बसले. मालकाची बायको मला रांधपघर दाखवायला आत घेऊन गेली आणि तिने दार लोटलं.

"बाई, तुम्ही शाळेत शिकवता ना? मग खरं सांगा. दलाल म्हणतो, माझी सही म्हणजे नुसती रीत. मी नाही केली तरी घर विकलं जातं. होय?"

मला त्याने सांगितलं होतं, बायको सहीला एका पायावर तयार आहे. तिला हे, मला ते. माझा स्वतःचा माणूस असता तर तो आधी या बाईला विचारून आला असता, आणि आईची खाट कुठल्या खिडकीपाशी घालायची हे माझं ठरण्याआधीच मला कळलं असतं.

"घर गेल्यावर तुम्ही कुठे जाणार?" मी विचारलं.

"ते मला कोणी सांगितलंच नाही."

बाहेरून दलालाची हाक आली, "बाय, पसंत मगे?"

नुसतं 'होय' म्हटलं असतं तरी पुरे होतं. आईची धाप कानात घुमत होती.

"नाही," मी तिला म्हटलं. "आपल्या गोव्यात बायकोच्या सहीशिवाय घर विकता येत नाही. अर्धं तुमचं आहे."

ती पदर खोचून सरळ बाहेर गेली. "मी सही करणार नाही," तिने नवऱ्याला सांगितलं. दलालाने तिच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "शिकल्यासवरल्या बायकांना घर दाखवणं म्हणजे डोक्याला ताप!"

परत आले तर आईने भांडी पोत्यात भरायला घेतली होती. "कधी जायचं गो राहायला?" तिने आतून विचारलं. मी पायरीवरच बसले. तिने पुन्हा विचारलं.