मीठ लावू नये

"नीलिमा गेली गं," नीलिमाताईंच्या यजमानांनी फोनवर एवढंच सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाले, "फ्रीजरमध्ये तुमच्या माशांचा डबा आहे... काय करू?" हृदय अचानक बंद पडलं होतं. महिना होत आला त्याला. खरं सांगते, मला रडू यायच्या आधी भीती वाटली. आता हे मासे तपासायला देणार कोण?

नीलिमाताई बोरिवलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. दहिसर नदीतल्या चिलापी माशांच्या यकृतात शिसं, पारा किती साठलाय ते मोजायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. आमची चाळ नदीलाच लागून, म्हणून मासे आणायचं काम माझं. पहिला मासा त्यांच्याकडे पोचला तो खवले काढून, पोट साफ करून, वर मीठ-हळद लावून. आईने परस्पर उरकलं होतं. म्हणे, मॅडमच्या घरी असा घाण न्यायचा? ताई हसून बेजार. "तळूनच आणायचास ना! मला हवं होतं ते तुमच्या मांजराने खाल्लं."

मग हसू आवरून म्हणाल्या, "पाणी तपासून काही कळत नाही गं. ते पुढे जातं. मासा मात्र रोज थोडं थोडं अंगात साठवतो. आणि मासा खाणाराही..." मी लहानपणापासून तीच चिलापी खाल्लीये. आईने तर माझ्या दुप्पट.

वरच्या अंगाच्या कारखान्यांच्या गाळ्यांतून नदीत काय सोडतात ते अख्ख्या वस्तीला माहीत आहे. नोटिसा मात्र आम्हाला, कचरा टाकू नका म्हणून. मी तेव्हाच पत्रक छापायला निघाले होते. ताईंनी अडवलं. "एका माशावर बोंब मारशील तर एका दिवसात खोटी पाडतील तुला. पुरेसे मासे जमू देत." जमले, आणि ताई गेल्या.

डबा आता आमच्या फ्रीजरमध्ये आहे. झाकणावर ताईंनी मार्करने लिहिलंय : 'मीठ लावू नये.' बर्फ काढताना आई ते रोज वाचते. आपल्याला टोमणा आहे हे तिला कळतं, हसतेही. नदीची चिलापी तिने आणायची बंद केलीये. परवा मात्र झाकणावर हात ठेवून तिने विचारलं, "आपण खाल्लेलं पण यात कळेल का गं?"

सोमवारी मी डबा ताई देणार होत्या त्या प्रयोगशाळेत नेतेय, तिथेच विचारते म्हटलं. आई म्हणाली, मीपण येते.