एक ठोका, दोन ठोके

मी भित्री आहे. लपवून लपत नाही, म्हणून सांगूनच टाकते. पाल दिसली की मी खुर्चीवर चढते, कुकरची शिट्टी व्हायच्या आत ओट्यापासून लांब सरकते. घरात माझी यावरून भरपूर थट्टा होते. होऊ दे. पण खरी भीती मला एकाच जागी वाटते. ट्रकच्या केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या सीटवर, माझ्या हातात किल्ली आणि गाडीखाली माझा बाप असतो तेव्हा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, जन्मभर जुन्या ट्रकांच्या वायरिंगचं काम करत आले. त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी आहेत. मी लहान असताना ते एका इंजिनात हात घालून बसले होते आणि वर बसलेल्या ड्रायव्हरला दम निघाला नाही. त्याने न विचारता किल्ली फिरवली, पंख्याने बोटं नेली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्या दिवसापासून अण्णांनी नियम केला, आपण गाडीखाली असताना किल्लीला हात लावायचा तो घरच्याच माणसाने. आईने कानावर हात ठेवले, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. शाळेच्या सुट्ट्या माझ्या अशा गेल्या.

खालून पान्याचा एक ठोका आला की सेल मारायचा, म्हणजे किल्ली फिरवून इंजिन चालू करायचं. दोन ठोके आले की सोडायचं. तोंडी हुकूम नाही, कारण इंजिनाच्या आवाजात कोण कुणाचं ऐकतंय? आणि केबिनमध्ये चढलं की किल्लीच्या आधी गिअर हलवून मोकळा आहे का ते बघायचं. जुनं डिझेल इंजिन एकदा पेटलं की किल्ली काढून घेतली तरी थांबत नाही, डॅशबोर्डाखालची मूठ ओढून बंद करावं लागतं. गाडी गिअरमध्ये असेल तर ते गाडी घेऊनच निघतं. खाली कोण झोपलंय ते बघत नाही.

डोळ्याच्या ऑपरेशननंतर मी अण्णांना जुळे सोलापुरात आमच्या फ्लॅटवर आणलं आणि गाडीखाली जायला साफ बंदी घातली. त्यांना ऐकायलाही कमीच येत होतं. दोन वर्षं त्यांनी बंदी पाळली. यंदा दसरा झाला आणि वळसंगहून एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. ट्रक आठ दिवस जाग्यावर उभा होता. बॅटरी नवी टाकली, स्टार्टर खोलून दुरुस्त केला, तीन मेकॅनिकांनी हात टेकले.

मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत अण्णांनी जुना खाकी शर्ट चढवला होता.

"रिक्षानं जातो की," म्हणाले.

"आणि किल्लीवर कोण बसणार? रिक्षावाला?"

मग काय, स्कुटी काढली. लेकीचा खांदा धरून बसायला अण्णांना कमीपणा वाटतो. दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर. खड्ड्यात उडून पडलात तर मी मागे वळून बघणार नाही, असं मी बजावलं. हसले.

वळसंगला ट्रक त्याच्या मालकाच्या शेताकडे उतरणाऱ्या वाटेवर उभा होता, तोंड खाली. चकचकीत! खंडेनवमीच्या पूजेसाठी मालकाने केबिनपासून खालच्या सांगाड्यापर्यंत, म्हणजे चासीपर्यंत, सगळा रंगवून घेतला होता, झेंडूचे सुकलेले हार अजून लटकत होते. हँडब्रेक नावापुरताच होता. पुढच्या चाकांना दगड लावले होते. तो उतार बघूनच माझी पाचावर धारण बसली.

"अण्णा, वरूनच बघा ना काय ते."

"वरून काय डोंबल दिसतंय?" म्हणाले आणि पोतं अंथरून खाली सरकलेसुद्धा. बाहेर फक्त चपला दिसत होत्या.

मी केबिनमध्ये चढले. गिअर हलवला, मोकळा होता. एक हात किल्लीवर, एक इंजिन बंद करायच्या मुठीवर.  ठोका आला. किल्ली फिरवली. नुसतं 'कट्' झालं, इंजिन ढिम्म. पुढच्या दिव्यांकडे बघत उभा असलेला मालक म्हणाला, "लाइट लख्ख हाय की, अक्का! जरा बी मंद न्हाय झाला, म्हंजे बॅटरी चांगली हाय." पुन्हा ठोका, पुन्हा कट्. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी मी ओरडून हात मागे घेतला. मूठ चटका बसावा इतकी तापली होती आणि जळका वास येत होता.

दोन ठोके. अण्णांचं डोकं बाहेर आलं. मूठ तापल्याचं मी सांगितलं तसं त्यांचं तोंड उजळलं.

"घावलं! बॅटरीतनं आलेल्या करंटाला परत जायाला वाट लागती. इंजिनापास्नं चासीला एक पट्टी असती, ती बंद हाय. म्हून ते बेणं तुज्या मुठीच्या तारेतनं पळतंय." मग मालकाकडे वळून, "रंगवताना पट्टी सोडली व्हती का?"

"व्हय, सोडली व्हती. खाली बी रंग नीट बसाय पायजे की."

झालं! देवासाठी गाडी रंगवली आणि रंगावरच पट्टी आवळली. रंगातून करंट जातोय होय? अण्णा पुन्हा खाली गेले आणि स्क्रूड्रायव्हरने रंग खरवडू लागले. मला पॉलिश पेपर मागितला. मी किल्ली काढून मुठीत धरली, कारण किल्ली केबिनमध्ये सोडायची नाही हाही नियमच. स्कुटीच्या डिकीतून कागद काढला, वाकून त्यांच्या हातात दिला, परत वर चढून बसले.

थोड्या वेळाने ठोका आला.

माझा हात हलेना. का, ते मला आजही सांगता यायचं नाही. मला काही दिसलं नव्हतं, काही सुचलं नव्हतं. मी नुसती भ्याले होते. आता ही गाडी खरंच पेटणार, एवढंच डोक्यात होतं. पुन्हा ठोका आला, जोरात. मग तिसरा, आणि खालून शिवी. अण्णांचा राग मला ठाऊक आहे. वेळ काढायला म्हणून मी किल्ली सोडली आणि उगाच गिअर हलवला.

तो हलला नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती.

काळजात धस्स झालं म्हणतात, ते खोटं. काळीज थांबतंच. पेटलेलं इंजिन पहिल्या गिअरमध्ये दगडाला थोडंच जुमानतं! मी दोन्ही हातांनी गिअर काढला, तीनदा हलवून बघितला आणि मग वाट बघत बसले. खालूनही काही आवाज नव्हता. बराच वेळ नव्हता. मग एक ठोका आला, अगदी हलका. मी किल्ली फिरवली आणि ट्रक पहिल्या फटक्यात पेटला.

मालक नाचायचाच बाकी होता. मी खाली उतरले.

"गिअर कुणी टाकला?"

"मीच की, अक्का. तुमी कागूद आणाय गेला न्हाय का, तवा. उतार हाय, खाली आपलं म्हातारं माणूस. गेर टाकला म्हंजे गाडी हालत न्हाय." त्याच्या तोंडावर नुसती माया होती. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याच वेळी रडूही आलं. उतारावर गाडी लावली की गिअर टाकायचा, हे त्याच्या हाताला लागलेलं वळण. चुकलं होतं ते माझं. केबिनमधून उतरून परत चढलं की गिअर पुन्हा बघायचा, हे मला दहाव्या वर्षी शिकवलं होतं.

अण्णांनी हत्यारं पिशवीत भरली. मालकाच्या घरचा चहा ते अर्धाच प्यायले.

वळसंग मागे पडलं आणि माझ्या खांद्यावर हात आला. तीन बोटांचा. घरापर्यंत तो तसाच होता. मी आरशातून बघितलं नाही.

सोसायटीच्या फाटकात उतरल्यावरही त्यांनी तो काढला नाही.

"माजा हात गेरबॉक्सवर व्हता," ते म्हणाले. "तू गेर काढलास त्यो हाताला कळला."

मी मान खाली घातली. आता शिव्या येणार असं वाटलं.

"चुकले मी, अण्णा. वर चढल्यावर बघायला पाहिजे होतं."

"तुजं न्हवं गं. मी ठोका मारला व्हता. एक न्हाय, तीन." त्यांनी माझा खांदा घट्ट दाबला. "मेलो असतो त्याचं काय न्हाय. पर जलमभर तुला वाटलं असतं, तूच मारलंस."

त्यांनी पिशवीतून ठोक्याचा पाना काढला आणि माझ्या हातात ठेवला. "ह्यो तुज्यापाशी ऱ्हाऊ दे," म्हणाले आणि जिन्याचा कठडा धरून हळूहळू वर गेले. मी तिथेच, वॉचमनच्या देखत, तो पाना छातीशी धरून रडले.