डोळ्यांत ओढ, ओठांवर विरक्ती

चहाचा घोट आधी गिळून घ्या. नंतर ठसका लागला तर मला बोल लावू नका. कारण मी जे करून बसलोय ना, ते ऐकून हसू आवरणं कठीण आहे!

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. पंचवटीत गच्चीवरच्या एका खोलीत मी चित्रकार होत होतो. वडील मनमाडला रेल्वेत. त्यांनी निर्वाणीचं बजावलं होतं, "यंदाच्या प्रदर्शनात काही झालं नाही, तर गुपचूप इकडे यायचं आणि रेल्वेत चिकटायचं."

मला हवा होता एक म्हातारा चेहरा. अगदी खराखुरा, सुरकुतीन् सुरकुती दिसेल असा. तो होता खालच्या मजल्यावरच्या नानांकडे. इगतपुरीला रेल्वेत जन्म काढून नाना आता मुलाकडे राहत होते. एकदा जिन्यात गाठून मी हळूच विचारलं, "नाना, आठवडाभर दुपारी माझ्याकडे बसाल का?"

नानांनी मागे वळून सुनेचा कानोसा घेतला. "डॉक्टरनं नाय म्हणलंय रे. पण तू एवढा प्रेमानं बोलावतोस, तर बसू की!"

चित्रासाठी बसायला डॉक्टरची हरकत कशाला, असा प्रश्न तुम्हाला पडला ना? मला नाही पडला! मी केव्हाच त्यांच्या गालाच्या घड्यांत शिरलो होतो.

दुसऱ्या दिवशी नाना आले ते खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी घेऊन. काय भला माणूस, रिकाम्या हाताने येत नाही! शेंगदाणे मीच खाल्ले.

खिडकीत माझी तेलाची बाटली असायची. रंगात मिसळायचं जवसाचं तेल, चांगलं सोनेरी. मी ते सुटं आणायचो, म्हणून मित्राकडून व्हिस्कीची रिकामी बाटली मागून घेतली होती, लेबलासकट. दुपारचं ऊन तिच्यातून आरपार जायचं आणि नानांच्या गालावर पिवळा कवडसा पडायचा. अहाहा! खाली कुठेतरी भांडी वाजायची, कबुतरं घुमायची, घड्याळ चालतंय की थांबलंय ते कळायचं नाही. त्या कवडशात मी तासन्‌तास हरवून जायचो.

मी वाटीत तेल ओतलं की नाना दबक्या आवाजात विचारायचे, "पाणी नाय घालीत?"

"छे! पाणी घातलं की सगळं संपलंच. कोरंच लागतं."

"रोज लागतं?"

"त्याशिवाय हातच चालत नाही, नाना."

नाना सुस्कारा टाकायचे आणि खिडकीकडे बघत राहायचे. काय ते डोळे! पैलतीराला लागलेले! मी ते जसेच्या तसे उतरवले.

तिसऱ्या दिवसापासून नानांची सून, मंगलवहिनी, मला ताट आणून द्यायला लागली. बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा. "पोटात काहीतरी असू द्या हो," ती रडवेली होऊन म्हणाली. "आईवडलांचा तरी विचार करा."

कलावंताची अशी कदर! मीही गंभीरपणे सांगितलं, "वहिनी, आता यातून सुटका नाही. हे मरेपर्यंत चालायचं."

तोंडाला पदर लावून ती जिना उतरून पळाली.

शनिवार हा शेवटचा दिवस. मी हात धुवायला गच्चीतल्या नळावर गेलो. परत येतो तर नानांचा चेहरा पार बदललेला! ओठ आत ओढलेले, कोपरे खाली वळलेले, जगातला सगळा मोह सुटल्यासारखे.

"नाना, हलू नका!" मी ओरडलो. दोन तास नुसते ओठ रंगवले.

आणि चित्राला पहिलं बक्षीस मिळालं! बक्षीस समारंभाला वडील मनमाडहून आले. नाना आणि मंगलवहिनी पहिल्या रांगेत बसले होते. परीक्षक माइकवरून म्हणाले, "डोळ्यांत ओढ, ओठांवर विरक्ती! दोन्ही एका चेहऱ्यात कसं साधलंत?"

झालं! मी डोळे मिटले आणि आत्मा, अनंत, पैलतीर अशी दहा मिनिटं लावली. वडिलांनी चक्क रुमाल काढला.

तेवढ्यात मंगलवहिनी चित्राकडे बघून मोठ्याने म्हणाली, "अगंबाई! मी बाटली लपवली की नाना अस्संच बघतात!"

नाना सावकाश उठले.

"आता खरं सांगतो. ह्यो म्हणला बसाल का, म्हणून मी बसायला गेलो. रोज शेंगदाणे नेले. समोर भरलेली बाटली, पण ह्यानं एक घोट विचारला नाय! मला वाटलं, पोरगा लय दुःखात हाय, एकटाच पितो. सुनेला सांगितलं, ताट देत जा त्याला. शनिवारी ह्यो नळावर गेला, तवा मीच तोंडाला लावली." नानांनी चित्रातल्या ओठांवर बोट रोखलं. "ही इरक्ती त्या तेलाची हाय!"

पुढची पाच मिनिटं लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. परीक्षकसुद्धा डोळे पुसत होते. हसत नव्हते फक्त वडील. मनमाडची गाडी पकडावी लागणार, हे मी ओळखलं.

ते जवळ आले, माझा दंड धरून मला बाजूला घेतलं.

"रेल्वेचं राहू दे," ते हळूच म्हणाले. "आठवडाभर नाकासमोर सिग्नल होता, तो तुला दिसला नाही. तू आपली चित्रंच काढ."