ईस्ट फेसिंग बाल्कनी

माझ्या साडूची देवनहळ्ळीला एक साइट आहे. बेंगळुरात प्लॉटला साइट म्हणतात, आणि तिचं तोंड पूर्वेला असेल तर मालकाचं तोंड कायम हसरं असतं. विमानतळ व्हायच्या आधी त्यानं ती घेतली, तेव्हा शेजारची मलाही दाखवली होती. मी समोरच्या द्राक्षांच्या मळ्याकडे बघत म्हणालो होतो, "इथं राहायला येणार कोण, कोल्हे?" त्या मळ्यातला कोल्हा कोण होता, ते पुढं कळलं. आता विमानतळावर जाताना ती साइट लागली की मी मोबाइल बघत बसतो.

हा माणूस माझ्याहून आठ वर्षांनी लहान, महागड्या इंदिरानगरात राहतो आणि मला आदरानं 'अण्णा' म्हणतो. त्याचा सगळ्यात मोठा दोष हाच, की त्याच्यात बोट ठेवायला दोष सापडत नाही.

तर गेल्या हिवाळ्यात त्यानं फोन केला. "अण्णा, मुंबईहून क्रूझ आहे. गोव्याला जाऊन परत. आम्ही बुक केलंय. तुम्ही दोघं पण चला."

मी 'बघतो' म्हणणार, तोवर बायकोनं स्वयंपाकघरातून 'हो' म्हणून टाकलं.

तिच्या 'हो'ला कारण होतं. आम्ही दोघंही निपाणीकडचे. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली आणि आम्ही फिरलोही पुष्कळ, पण बायकोला गाडी लागते. घाट असो की होसूर रोडवरचे गतिरोधक, तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि तोंडात आवळा सुपारी. आमच्या सगळ्या सहलींत मी डोंगर बघितले आणि तिनं पिशवी बघितली. त्या दिवशी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मला एकदाच सूर्य समुद्रात बुडताना बघायचाय. डोकं न धरता. बास."

एवढं साधं मागणं. पण मी त्याच्याकडे बघितलंच नाही, माझं लक्ष साडूच्या बुकिंगवर होतं.

त्यानं बाल्कनीची केबिन घेतली होती, सातव्या मजल्यावर, जहाजाच्या बरोबर मधोमध. वर मला सल्लाही दिला. "अण्णा, अक्कांना त्रास होतो ना, मग मधलीच घ्या. मध्ये हलत कमी. आमच्या शेजारची रिकामी आहे."

शेजारची! पुन्हा शेजारची!

बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात यंत्रांची कंपनं मोजण्यात माझं आयुष्य गेलं. लांब दांडा हलला की टोकाला जास्त हलतो, मध्ये कमी, हे मी नवीन पोरांना फळ्यावर काढून शिकवतो. पण हेवा चढला की माणसाचं शिक्षण उतरतं. मी जहाजाचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला आणि अकरावा मजला निवडला, अगदी पुढचं टोक. सातपेक्षा अकरा मोठे आणि मध्यापेक्षा पुढं केव्हाही पुढं.

मग एजंटला फोन लावला. "ईस्ट फेसिंग मिळेल का?"

एजंट म्हणाला, "सर, जहाज वळतं."

"जाताना तरी?"

"जाताना डावीकडची पूर्वेला येईल, सर. पण लोक सहसा उजवीकडची..."

"लोकांचं सोडा. डावीकडची द्या."

फोन ठेवला आणि कित्येक वर्षांनी छातीवरचा दगड हलला. माझ्याही नावावर काहीतरी पूर्वेकडे तोंड करून उभं राहणार होतं, मग ते तीन रात्रींचं का असेना.

हॉटेलचंही तेच. जहाज चुकायला नको म्हणून आदल्या दिवशीच मुंबईत पोचायचं ठरलं. साडूनं त्यांनी घेतलेलं बंदराजवळचं हॉटेल सुचवलं. इमारत जुनी, लिफ्टला लोखंडी जाळीचं दार, पण बंदर दहा मिनिटांवर. मी फोटो बघितले आणि विमानतळाजवळचं घेतलं. त्याला पोहायचा तलाव होता. आम्हा दोघांपैकी कुणालाच पोहता येत नाही.

बायको एवढंच म्हणाली, "बहिणीजवळच राहिलो असतो तर गप्पा झाल्या असत्या."

"अगं, पुढं तीन दिवस गप्पाच मारायच्यात."

सकाळी टॅक्सीनं मुंबईचं एक टोक ते दुसरं टोक, पावणेदोन तास. ड्रायव्हरचा एक पाय ब्रेकवर आणि दुसरा पण ब्रेकवरच. बंदरावर उतरलो तेव्हा बायकोची दुसरी पिशवी संपली होती. समोर मेहुणी उभी, डोक्यात गजरा, इस्त्रीची साडी, नाश्ता करून निवांत चालत आल्यासारखी. "भावजी, अक्काला काय केलंत?" ती म्हणाली. गमतीनंच म्हणाली, पण हसली नाही.

अकराव्या मजल्यावरची केबिन मात्र खरंच देखणी होती. मी बाल्कनीचं दार उघडून मोठ्यानं म्हणालो, "बघ! हवा बघ!" वळलो तर बायको पलंगाची कड धरून डोळे मिटून बसली होती. जहाज सुटलं, बंदराबाहेर पडलं आणि आमचं टोक हळूहळू वर जायला लागलं, मग खाली, मग पुन्हा वर. फळ्यावर मी काढतो तसंच, तंतोतंत.

"गोळी घेतलीस?"

"घेतली. बोलू नका."

दुपार कलली. बाल्कनीतून लांब किनारा दिसत होता, मातकट. सूर्य कुठंच नव्हता. सूर्य मावळायला पश्चिमेकडे जातो, ही बातमी मला तेव्हा लागली.

तेवढ्यात मेहुणी आली. तिनं मला काही विचारलं नाही. बहिणीच्या हाताला धरलं, म्हणाली, "ऊठ अक्का. खाली चल." आणि दोघी लिफ्टकडे निघूनही गेल्या. मी तसाच बसलो. मग बायकोची शाल राहिली आहे असं दिसलं, म्हणजे मीच ती शोधून काढली, आणि सातव्या मजल्यावर गेलो.

दार साडूनं उघडलं. आत बाल्कनीत दोघी बहिणी पाय कठड्याला टेकवून बसल्या होत्या. मध्ये निपाणीच्या पद्धतीचा चिरमुऱ्यांचा चिवडा. इथं जहाज हलतंय हे सांगावं लागलं असतं. समोर सूर्य पाण्याला टेकायला आलेला, आणि माझी बायको, जिनं सत्तावीस वर्षं प्रवासात डोकं धरलं, ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत होती.

"आता कसं वाटतंय?" मी विचारलं.

"श्श्!" मागं न बघता तिनं हात हलवला. माशी वारतात तसा.

सूर्य अर्धा गेला. मेहुणी तिच्या कानात काहीतरी बोलली आणि बायको हसली. मोठ्यानं, शाळकरी पोरीसारखी. त्या हसण्याचा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. शेजारच्या केबिनचा दिवा लागलेला नव्हता. अजून रिकामीच होती की काय, कोण जाणे.

खांद्यावर हात पडला. साडू उशी बगलेत घेऊन उभा होता. "अण्णा, अक्का आता इथंच झोपणार म्हणतायत. चला, आपण दोघं वर."

वर आल्यावर तो सरळ माझ्या बाल्कनीत, मी माझ्यासाठी ठरवलेल्या खुर्चीत बसला. "काय जागा घेतलीय अण्णा! मला ही सुचलीच नाही." तो मनापासून बोलत होता. अंधारात बुडालेल्या किनाऱ्याकडे बघतही हा माणूस सुखी होता. मी एकच खुर्ची उरली होती तिच्यात बसलो. ती पाय टेकवायला जरा लांब पडत होती.

"स्वल्प सरका," मी म्हणालो.

"सरी, सरी," असं कानडीतलं बरं-बरं म्हणत तो सरकला.

परत आल्यावर आठवडाभर बायको शेजारणींना सांगत होती. सूर्य आधी कसा चपटा होतो, मग पाणी त्याला कसं आत ओढून घेतं, हे ती हातवारे करून दाखवायची. मी पेपर समोर धरून ऐकायचो. मला ते दृश्य तिच्याइतकं दिसलं नव्हतं. मी सूर्याकडे बघत नव्हतो.

एक दिवस शेजारणीनं विचारलं, "आणि साहेब कुठं होते हो तेव्हा?"

"ते ना?" बायको चहा गाळत म्हणाली. "ते ईस्ट फेसिंगला होते."